दोरी कोणी ओढायची

आमच्या काजू कारखान्यात झाडूलासुद्धा जागा आहे. भिंतीवर झाडूचं चित्र काढलंय, त्या चित्रावरच झाडू टांगायचा. कचऱ्याच्या डब्याभोवती जमिनीवर पिवळी पट्टी, वजनकाट्याभोवती पिवळी पट्टी, पाण्याच्या पिंपाभोवती पिवळी पट्टी. बायका ज्या स्टुलांवर बसून गर सोलतात, त्या प्रत्येक स्टुलाभोवती पिवळा चौकोन. संध्याकाळी सगळ्या गेल्या की मी सोलाईच्या खोलीत एक फेरी मारते आणि सरकलेली स्टुलं पायाने ढकलून चौकोनात घालते. सुपरवायझर आहे ना मी. पूर्वी सुपरवायझर म्हणजे ओरडणारी बाई. आता सुपरवायझर म्हणजे स्टुलं ढकलणारी बाई. पाय दुखतात, पण सवय झालीय. एक चौकोन रिकामा आहे, तिथे ढकलायला काही नाही. तिथून पुढे जाते.

त्या रिकाम्या चौकोनाचीच ही हकिगत. माझ्या थोरल्या जावेची जागा होती ती.

मी तिला वयनी म्हणते, म्हणून कारखान्यातही ती सगळ्यांची वयनी. आमची घरं शेजारी, मधे एकच खळं, म्हणजे पुढचं अंगण. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनेच मला कारखान्यात आणलं. तेव्हा पत्र्याची शेड होती, बी भाजल्याचा धूर डोळ्यांत जायचा आणि काजूच्या चिकाने हातांची सालपटं निघायची. वयनीने पहिल्या दिवशी माझ्या हातांना राख चोळली आणि म्हणाली, ‘‘रडा नको गो, आठ दिसांनी हाताक कळता.’’ आठ दिवसांनी खरंच कळलं. तेव्हापासून ती सोलाईच्या टेबलावर आणि मी हळूहळू वर सरकत सुपरवायझर. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट घरी येऊन आमच्या सासूला सांगायची, ‘‘तुमची धाकटी सून आता माका ओरडता, बरा वाटता.’’

तिचा नवरा गेला, मुलगा मुंबईत नोकरीला. सून चांगली आहे, बोलावते. वयनी एकदा गेली आणि महिन्याच्या आत परत आली. ‘‘थयसर दार लावन बसतत गो सगळी. कोणाशी बोलू, फ्रिजाशी?’’ गावात तरी काय, घरात ती एकटी. म्हणून तिचा दिवस म्हणजे कारखाना. टेबलाभोवती बसायचं, हात चालू, तोंड चालू, कोणाची गाय व्याली, कोणाच्या चेडवाचं, म्हणजे मुलीचं, लग्न जमलं, आरोंद्याला खाडीत काय मासळी मिळाली. गजाली हाच तिचा खरा पगार. पैसे मुलगा पाठवतोच. ती जागा गेली असती तर तिचं काय झालं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि सोलाईतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी पुण्याहून एक सर आणले. बाहेरच्या देशातला गिऱ्हाईक म्हणाला होता की तुमचा कारखाना नीट लावा, मग माल घेतो. सर मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढून आलेले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस हातात घड्याळ घेऊन आमच्या डोक्यावर उभा राहणार. तर तसं काही नाही. पहिला अख्खा दिवस तो माणूस सोलाईच्या खोलीत कोपऱ्यात उभा राहून नुसता बघत होता. बोलणं नाही, लिहिणं नाही. बायका लाजून लाजून मेल्या. शिरोड्याची म्हणजे आमच्यातली सगळ्यात फटकळ, माहेर शिरोड्याचं म्हणून तिला आम्ही तेच म्हणतो. ती मला मोठ्याने म्हणाली, ‘‘चेडू बघूक इलो काय गो? सांग त्येका, आमची सगळ्यांची लग्ना झाली.’’ सर मराठीच, पण मालवणी कळायला त्यांना वेळ लागला. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटत गेलं. ते म्हणायचे, माल पुढे ढकलायचा नाही. पुढच्याला हवा असेल तेवढाच त्याने मागच्याकडून ओढून घ्यायचा. आमच्याकडे तर ढीगच ढीग. कटिंगवाल्यांनी पोतीच्या पोती फोडून ठेवायची, ती पडून ओल धरायची, मग सोलताना तुकडा पडायचा आणि बोलणी सोलणाऱ्यांना बसायची. ढीग गेले. मग ते म्हणायचे, ज्या कामाने गिऱ्हाइकाला काही मिळत नाही ते काम वाया. सुरी शोधणं वाया, ट्रे उचलून तिकडे नेणं वाया, थांबून राहणं वाया. सुऱ्यांना खाचा मिळाल्या. ट्रे सरकायला घसरणीचे रूळ आले. मी घरी जाऊन स्वयंपाकघरात डबे लावले, मसाल्याचे पुढे, लग्नातली भांडी मागे. नवरा म्हणाला, ‘‘आता माका पण पट्टी मारशीत?’’ म्हटलं, तुमची जागा ठरलेली आहेच, टीव्हीसमोर.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोरी. सोलाईच्या टेबलांवरून एक लाल दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली आणि तिला घंटा लावली. सर म्हणाले, कोणालाही काही अडलं, गर करपलेला आला, सुरी बोथट झाली, हात चालेना, काहीही, तर दोरी ओढायची. काम थांबणार. मी स्वतः येणार. आणि आल्यावर सगळ्यात आधी, ओढणाऱ्या बाईला धन्यवाद म्हणणार. कारण तिने अडचण दाखवली. अडचण दिसली नाही तर ती सुधारायची कशी? लपलेली अडचण म्हणजे कुजणारा फणस, वास येईपर्यंत कळत नाही. फणसाचं त्यांनी आमच्यासाठी शोधून आणलं असावं. पुण्यात कुठला कुजायला फणस?

ऐकताना सगळ्यांनी माना हलवल्या. दोरी मात्र कोणीच ओढली नाही. दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा केली तेव्हा त्या दोरीलाही झेंडूची माळ घातली, घंटेला कुंकवाची पिंजर लावली. सर बघत राहिले. मला म्हणाले, ‘‘ताई, हिची पूजा नको हो, हिला वापरा.’’

पण वापरणार कोण? सरांना एक गोष्ट कळत नव्हती आणि मलाही ती नीट सांगता येत नव्हती. त्यांची पद्धत अशी की काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. आता आमच्याकडे ‘कित्याक?’ हा काय प्रश्न असतो? सासूने ‘भात करपला कित्याक’ विचारलं तर चुलीची चौकशी नसते ती. आमच्या बायका पहिल्याच ‘का’ला हात जोडायच्या, ‘‘चुकलंय सर.’’ मग पुढचे चार ‘का’ सरांच्या तोंडातच राहायचे. ‘‘अहो तुमची चूक नाही म्हणतोय मी, पद्धतीची चूक आहे!’’ असं ते कळकळून सांगायचे. ‘‘व्हय सर, चुकलंय,’’ बायका म्हणायच्या. हसावं की रडावं!

सकाळी फळ्यासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, काल काय झालं, आज काय करायचं. तर आमच्यातल्या एका म्हातारीने त्याचं गाऱ्हाणंच करून टाकलं. देवासमोर घालतात तसं. ‘‘आज बॉयलर नीट चलान दे रे म्हाराजा,’’ आणि सगळ्या एका सुरात, ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘शिरोड्याचा तोंड जरा बंद रवान दे रे म्हाराजा.’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ सर पण शेवटी शेवटी म्हणायला लागले. चांगला माणूस. त्यांच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगते.

फळ्यावर प्रत्येक बाईपुढे एक लोहचुंबकाची चकती असते. काम ठरल्याप्रमाणे झालं तर हिरवी, मागे पडलं तर लाल. लाल म्हणजे शिक्षा नाही, लाल म्हणजे मदत पाठवा, असं सर म्हणायचे. चकत्या लावायचं काम माझं.

पहिल्या आठवड्यात वयनीपुढे रोज लाल लावली मी. तिची बोटं वळत नव्हती. सकाळी चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरते हे मी खळ्यात बसून रोज बघत होते, पण घरी बघणं वेगळं आणि फळ्यावर लावणं वेगळं. लाल चकती लावली की सगळ्या बायका एकदा फळ्याकडे बघायच्या, एकदा वयनीकडे, आणि मग माझ्याकडे. मदत काही आली नाही. आले ते मालक. फळ्यासमोर उभे राहिले, ती लाल रांग बघितली, ‘‘हम्म’’ म्हणाले आणि गेले. त्या ‘हम्म’चा अर्थ सगळ्यांना कळला.

दुसऱ्या आठवड्यात वयनीची चकती हिरवी झाली.

कशी झाली ते मला दोन दिवस कळलं नाही. मग दिसलं. वयनी पाणी प्यायला उठली की शिरोड्याची आपल्या ट्रेमधले मूठभर सोललेले गर वयनीच्या ट्रेमध्ये टाकायची. पलीकडची टाकायची. समोरची टेबलावरून हात लांबवून टाकायची. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. लावणीच्या शेतात असंच असतं ना. सगळ्या एका रांगेत वाकून लावत मागे मागे येतात, एखादी मागे पडली की शेजारची तिच्या वाट्याचा थोडा पट्टा लावून टाकते, रांग मोडू देत नाही. रांग मोडणं म्हणजे त्या बाईची शोभा होणं. तीच रांग आमच्या बायकांनी टेबलावर आणली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. हिरवी चकती लावली. वयनी खूश. ‘‘बघ गो, हात सुटलो माझो,’’ म्हणाली. तिला सगळ्यात शेवटी कळणार होतं.

आता गंमत बघा. फळा सगळा हिरवा. रोज हिरवा. सर फळ्यासमोर उभे राहून गाल खाजवायचे. मला म्हणाले, ‘‘ताई, सगळंच हिरवं असणं हे चांगलं लक्षण नाही. काहीतरी लपतंय.’’ मी म्हटलं, ‘‘बायका मन लावून करतात सर.’’ दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्या हिशोबात मग एकच अर्थ निघाला, की कामाला जागा आहे, वेग वाढवता येईल. मालकांना तर तेच हवं होतं. टेबलावर दिवा आला. दिवा लुकलुकला की ट्रे पुढे सरकवायचा. आधी हळू, मग जरा जोरात.

करायला गेलो गणपती आणि झालं माकड. वयनीला वाचवायला जी मूठ-मूठ टाकत होतो, तीच मोजली जाऊन आमच्या डोक्यावर दिवा म्हणून आली. आता बायकांना आपलं पुरं करायचं, वर वयनीचं, आणि तेही दिव्याच्या तालावर. गजाली बंद झाल्या. कोणी भांडत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. जेवायच्या सुट्टीत डबे उघडून सगळ्या भिंतीला टेकून बसायच्या, डोळे मिटून. शिरोड्याचीसुद्धा गप्प. ती गप्प झाली तेव्हा मला भीती वाटली. आणि दमणूक अशी की घरी गेल्यावर मला भाकरी थापताना डुलकी लागायची. ज्या गजालींसाठी वयनीची जागा राखायची, त्या गजालीच संपल्या, आणि जागा राखणं काही थांबलं नाही. थांबवणार कोण? थांबवलं तर त्याच दिवशी तिची चकती लाल.

एक दिवस मी शिरोड्याचीला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘‘ओढ ना ती दोरी. सांग की वेग झेपत नाही.’’

ती म्हणाली, ‘‘मी ओढलंय तर ते विचारतले कित्याक. मगे काय सांगू? वयनीचा नाव घेव? माझ्या जिभेक हाड नाय, पण इतक्या नाय.’’ मग माझ्याकडे रोखून बघून, ‘‘तू ओढ. तू तर घरची.’’

मी गेले स्टुलं सरकवायला.

मग शिरोड्याची तापाने आजारी पडली आणि चार दिवस आली नाही. तिच्या जागी बसलेल्या बाईला ते काम जमेना, म्हणजे मूठ टाकायचं काम. वयनी उठायची वाट न बघता तिने सरळ हात घातला. वयनीने तो हात ट्रेवरच धरला.

‘‘ह्या काय?’’

दिवा लुकलुकला, ट्रे कोणी सरकवला नाही. वयनीने तो हात सोडला, स्वतःच्या ट्रेकडे बघितलं, मग एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा सुरी उचलली आणि त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या चालत निघालो. पाणंदीत वळल्यावर ती थांबली.

‘‘किती दिस चल्ला ह्या?’’

‘‘बरेच दिस,’’ मी म्हटलं.

‘‘तुका म्हायत होता?’’

‘‘व्हय.’’

‘‘आणि तू माका हिरवी लावी होतंस.’’ तिचा आवाज चढला. ‘‘भिकारीण समाजलास माका? माझ्या ताटात मुठी टाकतास?’’

मलाही राग आला. दिवसभराचा थकवा, आणि वर ही बोलणी. म्हटलं, ‘‘लावणीत तू कोणाचो पट्टो लावक नाय कधी? माझो लावलंस, माझी कंबर धरली तेव्हा. तेव्हा मी भिकारीण होतंय?’’

ती बांधावर टेकली. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले, बोटं वाकडी, सुजलेली. त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘‘लावणीत फाटी रवलली बाय सगळ्यांका दिसता गो. मुकादम बघता, शेतवालो बघता, म्हणता आज हिका भाताच्या रोपांचो तरवो बांधूक बसवा. हय तुमी माका लपवलास. आणि ती चेडवां माझ्यापायी मरतत. शिरोड्याची कशान आजारी पडली, सांग?’’

मी हात देऊन तिला उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं, सगळ्या बसल्या. दिवा सुरू झाला. वयनीने एक गर सोलला, सुरी खाचेत ठेवली, उभी राहिली आणि दोरी ओढली.

तो आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. बॉयलरवरचा माणूस धावत आला, त्याला वाटलं आग लागली. सर ऑफिसातून जवळजवळ पळतच आले. मालक त्या दिवशी आलेले होते, ते मागून. सर वयनीसमोर उभे राहिले, दम लागलेला, आणि पहिला शब्द बोलले तो ‘‘धन्यवाद.’’ दिलेला शब्द पाळला त्यांनी. त्यांचा चेहरा असा खुललेला, जणू इतके महिने त्या एका घंटेचीच वाट बघत होते.

‘‘काय अडलं, ताई?’’

‘‘माका जमणा नाय,’’ वयनी म्हणाली. मग सरांसाठी म्हणून शुद्ध मराठीत, जशी ती बँकेत बोलते तशी, ‘‘मला जमत नाही. माझं काम या पोरी करतात. फळा खोटा आहे.’’

‘‘का जमत नाही?’’ सरांनी हळू विचारलं. पहिला ‘का’.

आम्ही सगळ्या थांबलो. वयनी ‘चुकलंय’ म्हणाली नाही. ‘‘बोटं वळत नाहीत.’’

‘‘का वळत नाहीत?’’

‘‘सांधे धरलेत.’’

‘‘का?’’

वयनीने हात पुढे केले. ‘‘जन्मभर चिकात आणि चिखलात घातले, म्हणून.’’

सरांनी चौथा ‘का’ विचारला नाही. ते त्या हातांकडे बघत राहिले. दिवा आपला लुकलुकत होता, मीच जाऊन बंद केला.

त्या दिवशी मला वाटलं, चला, झालं एकदाचं. खरंच वाटलं. सरांनी त्याच दुपारी दिव्याचा वेग कमी केला. वयनीला प्रतवारीला बसवू म्हणाले, गर अख्खा, पाकळी, तुकडा असा वेगळा करायचा, त्याला डोळा लागतो, बोटं कमी लागतात. माणूस कामाला बसत नसेल तर काम माणसाला बसवायचं, हेच तर मुळात आहे ताई, असं मला म्हणाले. शिरोड्याची बरी होऊन आली तेव्हा तिला ही बातमी सांगायला सगळ्या एकदम बोलायला लागल्या. किती दिवसांनी तो गलका ऐकला! मी ओरडलेसुद्धा नाही.

शनिवारी मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. टेबलावर साडी, नारळ, पेढे. मालक वाईट माणूस नाही, तेही सांगते. वयनीला पुढे बोलावून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. म्हणाले, या माउलीने हा कारखाना उभा केला. दुखऱ्या हातांनी राबली, आम्हाला कळू दिलं नाही. आता यापुढे आपण तिला राबवायचं नाही. आता तिने आराम करायचा. टाळ्या झाल्या. टाळ्या मीही वाजवल्या, हात आपोआप वाजतात. फोटो निघाले, ग्रुपवर गेले. वयनी नारळ पोटाशी धरून उभी, डोक्यावर पदर, हसतेय.

मग ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, ‘‘मगे सोमारी मी खंयच्या टेबलार बसू?’’

तिला कळलंच नव्हतं. देवा शप्पथ, तिला कळलंच नव्हतं! तिला वाटलं, आरामाचं काम देतायत, प्रतवारीचं. मी शिरोड्याचीकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? मी घरची.

‘‘अशा काय,’’ ती म्हणाली. ‘‘बरा, बरा.’’ आणि पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

सर ऑफिसात मालकांशी भांडले. दार उघडं होतं, मी हजेरी द्यायला गेले होते. सर म्हणत होते, ‘‘जिने दोरी ओढली तिचीच जागा काढलीत? आता ती दोरी कोण ओढणार?’’ मालक म्हणाले, ‘‘जागा कुठे काढली? विश्रांती दिली. माणुसकी नको का काही, सर? तुमचंच ना ते, माणसाचा मान राखा?’’ सर बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, ‘‘ताई, मी हे नव्हतं सांगितलं.’’ मी म्हटलं, ‘‘म्हायत आसा सर.’’ मालवणीतच निघालं तोंडातून. पावसाळ्याआधी त्यांचं काम संपलं आणि ते गेले. गिऱ्हाईक येऊन बघून गेला, झाडूचं चित्र त्याला फार आवडलं.

दोरी आहे अजून. वयनीच्या चौकोनात कोणी काही ठेवत नाही. बायका ट्रे घेऊन जाताना वळसा घालून जातात. सरांच्या भाषेत ती वाया गेलेली पावलं, पण मी त्यांना काही बोलत नाही. मध्ये एकदा ड्रायर तापला, गर करपल्याचा वास खोलीभर पसरला, सगळ्यांच्या नाकात गेला. सगळ्यांनी वर दोरीकडे बघितलं, मग त्या चौकोनाकडे बघितलं, आणि खाली मान घालून करपलेले गर सोलत बसल्या. शेवटी ड्रायरवाल्यालाच कळलं. मी कंटाळले आहे खरं सांगायचं तर. ओरडायचासुद्धा कंटाळा आलाय.

संध्याकाळी घरी येते तेव्हा वयनी खळ्यात बसलेली असते, दाराकडे पाठ करून आणि रस्त्याकडे तोंड करून. पाय धुवायच्या आत तिचे प्रश्न सुरू. शिरोड्याची काय म्हणाली, आरोंद्याच्या बाईचं नातवंड बरं आहे का. मी असेल-नसेल ते सगळं सांगते, तिखटमीठ लावून सांगते, कारण खोलीत हल्ली कोणी फारसं बोलतच नाही. आणि मग शेवटी ती विचारते, रोज विचारते, दोन्ही तळव्यांत चहाचा कप धरून.

‘‘दोरी ओढतत काय गो आता?’’

‘‘ओढतत तर,’’ मी सांगते. ‘‘तुझ्यानंतर भीडच गेली त्यांची. त्या दिशी ड्रायर तापलो, तर शिरोड्याचीन ओढली.’’

‘‘आणि मालकांनी धन्यवाद म्हटल्यानी?’’

‘‘म्हटल्यानी.’’

वयनीचा चेहरा सुटतो. चहाचा घोट घेऊन म्हणते, ‘‘बरा झाला. कोणीतरी पयली व्हायाकच व्हयी होती.’’

मग मी तिचा रिकामा कप घेते, विसळून पालथा घालते आणि माझ्या घरात भाकऱ्या थापायला जाते.